टर्बोसाठी घडवलं, बिनटर्बोत गाजलं

मेकॅनिकलच्या पदवीचा आयटीत एकच उपयोग: जेवणाच्या सुट्टीत गाड्यांवर वाद घालता येतो. परवाचा मुद्दा असा, की टर्बो इंजिनाच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगा बदलायच्याच कशाला? त्याची ताकद दाबाने भरलेल्या हवेतून येते. आरपीएम वाढवायची धडपड बिनटर्बोवाल्यांची.

हे अर्धंच खरं. आरपीएम वाढले की व्हॉल्व्हच्या जडत्वाचा जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२,००० वरून १८,००० म्हणजे सव्वादोन पट. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो आणि पिस्टनवर आपटू शकतो. टर्बोचं दुखणं वेगळं. तिथे भरलेली हवा इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवरच दाबते. ३० मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हवर ३ बार जादा दाब म्हणजे साधारण २१ किलोचा जोर, तोही स्प्रिंगच्या विरुद्ध! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतो ते निराळंच.

आता इतिहास बघा. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला रेनॉने, १९७७ साली. १९७९ मध्ये दिजाँला जाबुईने टर्बोची पहिली शर्यत जिंकली. पुढे १९८६ च्या ईएफ१५बी या टर्बो इंजिनात रेनॉने तारेच्या स्प्रिंगा काढल्या आणि व्हॉल्व्ह मिटवायचं काम दाबाखालच्या वायूला दिलं. स्टीलच्या तारेला स्वतःचं वजन असतं, ती स्वतःच थरथरते. वायूला ही भानगड जवळजवळ नाही. ते इंजिन बसवलेल्या लोटस ९८टी मध्ये सेनाने त्या वर्षी ८ पोल मिळवले, शर्यती मात्र दोनच जिंकल्या. वर्षअखेर रेनॉ बाहेर!

१९८९ पासून टर्बोवर बंदी आली आणि रेनॉ परतली ती ३.५ लिटरचं बिनटर्बो व्ही१० घेऊन. वायूची स्प्रिंग सोबत होतीच. (एका प्रोजेक्टचा कोड दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये चमकतो, तसंच.) आता ताकद आरपीएममधूनच काढायची होती, त्यामुळे तिचं खरं चीज इथे झालं. १९९२ ते १९९७ सलग सहा वर्षं कन्स्ट्रक्टर्सचं विजेतेपद रेनॉ इंजिनाच्या गाड्यांकडे गेलं. विल्यम्सच्या गाडीचाही त्यात मोठा वाटा, हे मान्य. बाकीचेही याच वाटेने गेले. २००६ मध्ये कॉसवर्थच्या व्ही८ ने २०,००० आरपीएम गाठले.

२०१४ मध्ये टर्बो परत आला, आरपीएमवर १५,००० ची मर्यादाही आली. तरी तारेच्या स्प्रिंगा काही परत आल्या नाहीत.