काळी, पांढरी आणि नकाशा

इतिहास म्हटला म्हणजे तो बखरींत, सनदांत आणि पत्रव्यवहारांत शोधावयाचा, अशी साधारण समजूत आहे. ती खोटी नव्हे. परंतु ज्या गांवाच्या शिवारांत लढाई झाली नाहीं, ज्याच्या पाटलास नांवाजण्याजोगी सनद मिळाली नाहीं आणि ज्याच्या रहिवाशांनीं कोणास पत्र लिहिलें नाहीं, त्या गांवाचा इतिहास कोठें पाहावयाचा? आमच्या मतें तो मोजणीच्या जुन्या नकाशांत पाहावा.

उदाहरणादाखल पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुका घेऊं. पेशवाई बुडाल्यानंतर १८३० च्या आगेमागें प्रिंगलसाहेबांच्या मोजणीवरून येथें जो सारा बसविण्यांत आला, तो इतका जड ठरला कीं कित्येक कुळें जमीन टाकून परागंदा झालीं. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं ह्याच तालुक्यांत नव्यानें काम आरंभिलें, आणि १८३६ सालीं तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. हीच पद्धति पुढें मुंबई इलाख्याच्या बहुतेक भागांत पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. या मापानें शेताशेताची हद्द कागदावर उतरली. हेतु एकच, कोणत्या शेतावर किती सारा बसवावयाचा हें ठरविणें. पण सारा मोजतां मोजतां ओढे, वाटा, विहिरी आणि गांवठाण हींही नकाशांत आलीं.

आपल्या घराण्याचें मूळ शोधणारानें या नकाशाकडे बेतानें वळावें. आडनांवाच्या शेवटीं ‘कर’ असला कीं मूळ गांव सांपडलें असें पुष्कळांस वाटतें. पण महाराष्ट्रांत वडगांवें थोडीं नाहींत. घरांतील वृद्ध माणसें ज्या ओढ्याचें किंवा शेजारच्या गांवाचें नांव घेतात, तीं सर्व तालुक्याच्या नकाशावर एकत्र कोठें येतात हें ताडून पाहावें. गांव ठरलें म्हणजे शेत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गांवांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले; म्हणून आजच्या सातबाऱ्यावरून मागें जातांना आधीं जुना नंबर काढला पाहिजे. खातेदारांचीं नांवें नकाशांत नसून दप्तरांत असतात. नंबर हाच दोहोंमधील दुवा. तेथेंही सारा भरणाराचें नांव सांपडेल, नांगर धरणाराचें व खुरपें चालविणारीचें सांपडेलच असें नाहीं.

आतां याच इंदापुराची पुढील कथा पाहा. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि ज्या तालुक्यांत या मोजणीचा जन्म झाला त्याच तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. जुनें पळसदेव त्यांपैकींच एक. पाणी फार ओसरलें म्हणजे तेथील देवालय वर दिसूं लागतें व लोक तें पाहावयास जातात. देवालय दगडाचें, म्हणून राहिलें. मातीचीं घरें, गाडीवाटा आणि शेतांचे बांध यांस हें भाग्य कोठून? शेतांची काळी आणि गांवठाणाची पांढरी, दोन्ही बुडालीं. त्यांची आकृति आज सलग उरली आहे ती त्या साऱ्याच्या कागदावर.

परंतु कागद मुका आहे. अमुक नंबराच्या मळ्यास गांवकरी काय म्हणत, कोणत्या विहिरीवर कोणास पाणी भरूं देत नसत, हें तो सांगत नाहीं. तें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. यास्तव उठलेल्या प्रत्येक गांवाच्या तरुणांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं भूमि अभिलेख कचेरींतून आपल्या जुन्या गांवाच्या नकाशाची नक्कल मिळवावी, ती वडीलधाऱ्यांपुढें पसरावी आणि तीं बोट ठेवतील तेथें तेथें नांवें लिहून घ्यावीं. सरकारनें रेषा ओढून ठेविल्या आहेत. त्यांमधील गांव भरण्याचें काम आपलें आहे, आणि त्यास मुदत फार थोडी आहे.