चढणीचे मासे

सोनई आज मुळेच्या कालव्याचे, उसाचे व साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखली जाते. परंतु मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते, आणि या नद्यांच्या काठी भोई, कहार व भिल्ल यांची जाळी ऊस येण्यापूर्वीपासून पडत आली आहेत. उपवासकाळातील शुक्रवारी आपल्या ताटात येणाऱ्या नदीच्या माशालाही इतिहास आहे. तो थोडक्यात पाहावा, असे आम्हांस वाटते.

या लोकांचे ज्ञान किती सूक्ष्म होते, याची साक्ष शास्त्रच देते. दख्खनच्या माशांचे वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची नावेच दिली. आपला शिंगाळा जगाच्या शास्त्रग्रंथांत त्याच नावाने वावरतो.

गळ, फेकजाळे, ओढ्याच्या तोंडाशी लावलेली बांबूची निमुळती टोपली, ही जुनी साधने. सर्वांत मोठी पकड मात्र मृगाच्या पहिल्या पुराची. त्या वेळी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हेच चढणीचे मासे. ते उथळ पाण्यात सहज सापडतात. पण एका मोठ्या मादीबरोबर लाखो अंडी नष्ट होतात. अधिक मासळीच्या हव्यासापायी कोणी शेराचा चीक पाण्यात कालवी, तर कोणी सुरुंगाची दारू उडवी. या दोहोंना 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने बंदी घातली.

पुढे धरणे आली. 1976 साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीचे पाणी नेवासे व शेवगाव तालुक्यांत पसरले. पाणी वाढले, परंतु चढणीची वाट अडली. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. हा पेच पूर्वीच सुटला होता. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील माशांची वीण घडवून आणली. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्याच शोधामुळे जलाशयांत मत्स्यबीज सोडणे शक्य झाले.

म्हणजे अधिक मासे मिळविण्याची खरी युक्ती जाळ्याइतकीच सोडून देण्यातही आहे. लहान आसाच्या जाळ्याने बोटभर पिल्ले काढली, तर सोडलेले बीज वाया जाते आणि पुढच्या वर्षी मच्छीमाराच्याच घरी चूल थंडावते. गालिल सरोवरावर पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून शिष्यांनी जाळे टाकले, तेव्हा 153 मासे लागले. ते सारे मोठे होते, असे संत योहान आवर्जून सांगतो. विकत घेताना टोपलीतील पिल्ले नाकारणे आणि पहिल्या पुरात चढणीच्या वाटेवर जाळे न लावणे, एवढे आपल्या कुटुंबांना निश्चितच करता येईल.