कंपनीने टीडीएस कापलाच नाही, तर कर कोणी भरायचा?

माझं संशोधन ठाणे ते कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या पगारदार वर्गावर आहे. मुलाखतींमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "कंपनीने माझा टॅक्स कापलाच नाही. मग तो कंपनीचा प्रॉब्लेम ना?" खरं तर बहुतेक वेळा तो तुमचाही असतो. का, ते समजायला जरा मागे जाऊ.

भारतात प्राप्तिकर आणला जेम्स विल्सनने, 1860 मध्ये. 1857 च्या उठावानंतर सरकारी तिजोरीला मोठी भोकं पडली होती. हा कर 1865 मध्ये बंद झाला आणि 1886 च्या कायद्याने पुन्हा आला, तो कायमचाच. व्यापाऱ्याचं उत्पन्न शोधायचं तर वह्या तपासाव्या लागतात. पगारदाराचं तसं नाही. त्याचा आकडा मालकाच्या पगारपत्रकावरच लिहिलेला असतो. मग कर तिथेच कापून घेणं सगळ्यात सोपं.

1922 च्या प्राप्तिकर कायद्यात ही गोष्ट कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिली गेली: पगार देताना मालकाने कर कापायचा. (अमेरिकेत पगारातून कर कापण्याची आजची पद्धत रुजली ती 1943 मध्ये.) पण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे त्याच्या पुढचं कलम 19. नियमाप्रमाणे कर कापला गेला नसेल, तर तो करदात्याने थेट भरायचा, असं ते सांगतं. म्हणजे मालकाकडे वसुलीचं काम दिलं, पण कराचा बोजा मुळात पगारदाराचाच राहिला.

1961 चा कायदा 1 एप्रिल 1962 पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीचा कारभार सुरू झाला. या कायद्यातली चार कलमं एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. कलम 192: मालकाने पगारातून कर कापावा. कलम 201: नाही कापला तर मालक कसूरदार, त्याच्यावर व्याज. कलम 191: तरीही न कापलेला कर पगारदाराने थेट भरावा. आणि कलम 205: कापला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी पगारदाराकडे पुन्हा मागायचं नाही.

इथेच लोकांचा गोंधळ होतो. "कापला नाही" आणि "कापला पण सरकारकडे भरला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात तुमचे पैसे तुमच्या हातातून गेलेले असतात. असंच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. 2007 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, मालकाने पगारातून कापलेली रक्कम भरली नाही, तर ती मालकाकडून वसूल करा, नोकरदाराकडून नाही. 2015 मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानेही अधिकाऱ्यांना तशाच सूचना दिल्या. म्हणून पगाराच्या स्लिपा फेकू नका. कपात झाली होती याचा तोच पुरावा असतो.

पहिल्या प्रकारात मात्र 2012 ला मोठा बदल झाला. त्याआधी अॅडव्हान्स टॅक्सचा हिशोब करताना "कापायला हवा होता" तेवढा कर वजा धरता यायचा, प्रत्यक्षात कापला नसला तरी. 2012 च्या वित्त कायद्याने ही सवलत काढली. प्रत्यक्ष कापला गेला असेल तरच वजावट. 2021 मध्ये मित्सुबिशी कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नवा नियम 2012-13 पासूनच लागू होतो, मागच्या वर्षांना नाही, असं स्पष्ट केलं. म्हणजे आता मालकाच्या चुकीवरही व्याजाचं मीटर तुमच्या नावाने फिरतं, महिन्याला 1 टक्का.

मग करायचं काय? आधी बघा, कर लागतो का. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 75,000 रुपयांच्या वजावटीनंतर पगाराचं उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर कर शून्य. तेव्हा न कापणं बरोबरच आहे. कर लागत असेल तर फॉर्म 26एएस उघडून कपात दिसते का ते पाहा. वर्ष संपलं नसेल तर अकाउंट्सला लेखी कळवा. राहिलेल्या महिन्यांच्या पगारातून तूट भरून काढायची मुभा कायद्यातच आहे. मध्येच नोकरी बदलली असेल तर जुन्या पगाराचा तपशील नव्या मालकाला द्या, नाहीतर दोघंही करमाफीची मर्यादा वेगवेगळी धरतात. तरीही 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त कर उरत असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखांना अॅडव्हान्स टॅक्स भरा. वर्ष उलटून गेलं असेल तर व्याजासकट कर भरून मगच रिटर्न भरा.

आता गंमत बघा. त्याच पगाराच्या स्लिपवर आणखी एक कपात असते: प्रोफेशन टॅक्स, वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. महाराष्ट्राने हा कर 1975 मध्ये आणला, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. त्या कायद्यात सरळ लिहिलंय की, मालकाने पगारातून कापो वा न कापो, नोकरदारांच्या वतीने तो भरायची जबाबदारी मालकाचीच. तेच काम, तोच मालक, तीच स्लिप, पण राज्याने एक उत्तर निवडलं आणि केंद्राने दुसरं.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. कोणी "192" किंवा "205" म्हणालं तर ते जुने क्रमांक आहेत, हे लक्षात ठेवा. पगार हातात पूर्ण आला म्हणून खूश होण्याआधी एकदा 26एएस तपासा, एवढंच सांगणं.