पाणलोट भागीदारी (बुलढाणा जिल्हा)

गाव, सरकार आणि बाहेरची संस्था यांनी माती-पाण्याच्या कामातला खर्च, कष्ट आणि लाभ आधी ठरवून वाटून घेण्याची रीत. बुलढाणा जिल्ह्यात ती २०१७-१८ पासून ठळकपणे दिसू लागली.

पश्चिम विदर्भातल्या या तेरा तालुक्यांच्या जिल्ह्याचे लोक स्वतःच ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे दोन भाग करतात. घाटावर अजिंठ्याच्या रांगेतली मुरमाड, उथळ जमीन. पावसाचे पाणी वावरातली माती घेऊनच उतरते. घाटाखाली पूर्णेकाठचा खारपाणपट्टा; विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला चालेलच असे नाही.

या रीतीचा महाराष्ट्रातला पाया १९९०च्या दशकातल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात सापडतो. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. जर्मन निधी नाबार्डमार्फत येई. गावांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ (वॉटर) ही संस्था स्थापन झाली. पैसा युरोपचा असला तरी परीक्षा गावाची होती. आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी, मगच निधी. मजुरीचा काही हिस्सा गावाने श्रमदानातून सोसायचा आणि कामाचा कारभार पाणलोट समितीने पाहायचा. देणाऱ्यानेच हिशेब ठेवायचा, ही जुनी सवय इथे मोडली. चराईबंदीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. बांध-बंदिस्तीने शेतवाल्याची विहीर भरते. शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाचे रान तेवढे बंद होते. अशा घराच्या नुकसानीची भरपाई ठरावात लिहिलेली नसेल, तर ती भागीदारी एका डोळ्याने आंधळीच म्हणायची.

बुलढाण्यात २०१८ मध्ये भारतीय जैन संघटना आणि राज्य सरकार यांनी ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहीम चालवली. जेसीबी-पोकलेन संघटनेचे, डिझेल सरकारचे आणि गाळाची वाहतूक शेतकऱ्याची, अशी वाटणी होती. तलावाच्या कोरड्या पात्रात पोकलेनचा दाता खाली उतरतो, काळा ओलसर गोळा ट्रॉलीत आपटतो, आणि पुढचा ट्रॅक्टर लगेच मागे लागतो. हाच गाळ मुरमाड वावरात पसरला की ओल टिकते. तलावातही पाण्याला जागा होते. गाळ फुकट असला तरी वावरापर्यंत फुकट येत नाही. ट्रॅक्टर ज्याचा, गाळ त्याचा, असे सहज होऊन बसते. तलावाजवळच्या मोठ्या शेतकऱ्याच्या दहा खेपा होतात तेव्हा लांबच्या दोन एकरवाल्याची एकही होत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ची. तिच्या २०२३च्या सुधारित रूपात अल्प व अत्यल्प भूधारकांना घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंत अनुदान ठेवले गेले. दुरुस्ती उशिरा झाली, पण दुखणे नेमके ओळखून झाली.

‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने गाजलेली वाटणी वेगळी. महामार्गाच्या भरावाला माती-मुरूम हवा होता. तो शेतातून किंवा टेकडीतून न उचलता तलाव व नाले खोल करून घेतला गेला. ठेकेदाराला माल मिळाला, गावाला साठा. कोणी कोणावर उपकार केले नाहीत, म्हणूनच ही जोडी जमली असावी.

श्रमाची बाजू पाणी फाउंडेशनने गावागावांत घेतलेल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत दिसली. २०१८ मध्ये ८ एप्रिल ते २२ मे अशा ४५ दिवसांच्या फेरीत मोताळा तालुक्यातले सिंदखेड राज्यात विभागून दुसरे आले.

असेच गणित केनियातल्या माचाकोस भागात दिसते. तिथे ‘उटूनी’ ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. कोरड्या नदीपात्रात भिंत घालून वाळूच्या पोटात पाणी साठवायचे. दगड, वाळू आणि मजुरी बचतगटांची, सिमेंटचा पैसा बाहेरचा. भिंत बांधून झाल्यावरही गट उतारांवर पायऱ्या खोदत राहतो, कारण वरून माती वाहत राहिली तर भिंतीमागे वाळूऐवजी चिखल साचतो. घाटावरच्या पाझर तलावांचेही तेच आहे: वरचे चर बुजले की उपसलेला गाळ काही पावसाळ्यांत पुन्हा तळाशी येऊन बसतो, आणि त्या वेळेपर्यंत पोकलेन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असते.