उन्हाळ्यातील नाताळ आणि एक मेणबत्ती

ऑस्ट्रेलियात नाताळ येतो तो ऐन उन्हाळ्यात. शाळांना दीर्घ सुट्टी असते, शहरवासी समुद्रकिनाऱ्यांकडे धाव घेतात. परंतु या उल्हासात एकाकी माणसाला स्थान कोठे?

१९३७ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला, मेलबर्नमधील नभोवाणी निवेदक नॉर्मन बँक्स यांना, खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरील नाताळगीते एकटीच गुणगुणणारी एक वृद्धा दिसली. पुढच्याच नाताळात त्यांनी अलेक्झांड्रा उद्यानात मध्यरात्री समूहगायन योजिले. सुमारे १०,००० लोक जमले. हिमाच्छादित युरोपातून आलेल्या सणाला उन्हाळी रात्रीने जणू मोकळे अंगणच दिले. १९५९ पासून हा सोहळा सिडनी मायर म्युझिक बोल येथे होतो. त्याचा निधी अंध व अल्पदृष्टी बालकांच्या सेवेस लागतो.

एका एकाकी स्त्रीचा दीप असा साऱ्या नगरीचा झाला.