बिडाचा फाळ आणि नातवाचा धंदा

परवा नातू पुण्याहून आला होता. चांगली नोकरी सोडून त्याने दोन मित्रांबरोबर स्वतःचा उद्योग काढलाय. आमच्या आंबा बागायतदारांना मोबाईलवर हिशेब ठेवता यावा म्हणून काहीतरी बनवतायत. पेट्या किती भरल्या, कुठल्या दलालाकडे गेल्या, पट्टी किती आली, असं सगळं. सात महिने झाले, पण वस्तू काही बाहेर पडत नाही. एक म्हणतो आधी भक्कम करू, दुसरा म्हणतो स्वस्त हवी, तिसऱ्याला ती लवकर हवी. "आजी, तुला नाही कळायचं यातलं," असं म्हणून झालं आणि मग हळूच माझ्या मुदतठेवीची चौकशी झाली! माझा मुलगा शेजारच्या खोलीत गप्प बसून होता. त्याचा या सगळ्याला विरोध आहे.

मोबाईलमधलं मला खरंच कळत नाही. पण चौतीस वर्षं इतिहास शिकवला. त्याचं बोलणं ऐकताना मला सारखा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठवत होता.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं. मग यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. (म्हणजे आमच्याच जातकुळीतले!) तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता नांगर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण जरा विचार करून पाहा. लाकडी नांगर गावातला सुतार करून देतो. फाळ बोथटला की लोहार तापवून, ठोकून पुन्हा टोक काढून देतो. हा नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करून टाकतो, हरळीची मुळं वर येतात. पण जितकं खोल जावं तितके बैल जास्त लागतात. चार बैलजोड्या किती जणांच्या दावणीला असणार? दुसरं म्हणजे, बीड ओतून फाळ केला तर तो कठीण होतो, लवकर झिजत नाही. पण बीड ठिसूळ. दगडावर आपटलं की तुकडा पडतो, आणि गावचा लोहार ते ठोकून सांधू शकत नाही. पोलाद चिवट, पण महाग. म्हणजे एक गुण घ्यावा तर दुसरा हातचा जातो.

ही ओढाताण काही आपल्याकडचीच नव्हती. इंग्लंडच्या रॅन्सम यांनी 1803 मध्ये यावर एक नामी तोड काढली. फाळ ओततानाच खालची बाजू झटकन थंड करायची, म्हणजे ती जास्त कठीण होते. वरची बाजू मऊ राहते आणि लवकर झिजते, त्यामुळे खालची धार आपोआप टिकून राहते. अमेरिकेत तेच बीड चिकट मातीपुढे हरलं, माती फाळाला चिकटून बसायची. तिथे जॉन डिअरने 1837 मध्ये गुळगुळीत पोलादी नांगर केला. म्हणजे अमुक एक धातू चांगला असं नसतं. कुठल्या मातीत, कुणाच्या हातात, कुठले बैल, हे विचारावं लागतं. आमच्या कोकणातल्या भाताच्या खाचरांत तर खांद्यावर टाकून नेता येईल असा हलका नांगरच बरा पडायचा.

इतकं करून लक्ष्मणरावांचा नांगर तयार झाला, आणि तो कुणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. 1910 साली त्या निवडुंगाच्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

वर्गात ही गोष्ट मी नेहमी इथेच संपवायचे. जिद्दीचं फळ वगैरे. आज मात्र वाटतं की त्यात एक अर्धसत्य होतं. ज्यांचे नांगर दोन वर्षांनीही विकले गेले नाहीत, त्यांच्या नावाची स्टेशनं नसतात. त्यांचा धडा आपण शिकवतच नाही. म्हणून मुलाची काळजी मला चुकीची वाटत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन ओळखीच्या एका बागायतदाराकडे गेले. कलमाखाली बसून नातवाने मोबाईल काढला तर तिथे रेंजच नाही. बागायतदाराने खिशातून चुरगळलेली वही काढली आणि म्हणाले, "हिला रेंज लागत नाय हो!" त्यांना आलेख नको होते, भाकितं नको होती. पेट्या किती गेल्या आणि पट्टी किती आली, एवढंच, पण बागेत बसून लिहिता यायला हवं होतं. नातू येताना रिक्षात काही बोलला नाही. घरी आल्यावर कागद घेतला आणि एकेक गोष्ट खोडत बसला. सतरापैकी तीन उरल्या.

मी ठेव निम्मी मोडणार आहे. निम्मी माझ्या औषधपाण्याला. मुलाला तसं स्पष्ट सांगितलं आणि नातवाला अट घातली: पहिली पेटी वाशीला जायच्या आत त्या तीन गोष्टी पाच बागायतदारांच्या हातात पडल्या पाहिजेत, आणि पेट्या भरताना त्याने स्वतः तिथे बसलं पाहिजे.

पैसे परत येतील? माहीत नाही. मुलगा अजून माझ्याशी मोजकंच बोलतोय. पण काल रात्री त्याने लेकाला विचारलेलं मी ऐकलं, "बिनरेंजचं ते जमेल का रे तुला?"