एकराची भूक

मळणीयंत्राची मजुरी पोत्यावर ठरते, हार्वेस्टरची एकरावर. आमच्या रिसोडकडे हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण या दोन हिशेबांत अंतर केवढं, ते मी मळणीयंत्राचा धंदा करताना शिकलो. ऐन शेंगा भरताना पावसानं दडी मारली आणि सोयाबीन एकरी तीन पोत्यांवर आलं, की शेतकऱ्याबरोबर माझीही कमाई खाली यायची. हार्वेस्टरवाल्याला तसं परवडत नाही. दाणा थोडा असला तरी वावरात चाक तेवढंच फिरतं आणि बँकेचा हप्ता काही कमी होत नाही. म्हणून तो आल्याआल्या विचारतो, "एका जागी किती एकर आहे?"

हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या मागे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या हायरम मूर यांनी जॉन हॅस्कल यांच्यासोबत १८३६ साली कापणी आणि मळणी एकाच फेरीत करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते ओढायला सोळा-वीस घोडे लागत. यंत्र चालायचं, दाणाही पडायचा, पण मिशिगनमध्ये ते रुजलं नाही. तिथली हवा दमट. उभ्या पिकातून थेट काढलेला ओलसर गहू साठवला की खराब व्हायचा. आणि एवढे घोडे पोसायचे, तर तेवढी जमीन शेजारीपाजारी होती कुणाकडे? शेवटी १८५४ मध्ये एक यंत्र जहाजातून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून कॅलिफोर्नियाला गेलं आणि तिथं एका हंगामात त्यानं सुमारे ६०० एकर गहू काढला. तिथं उन्हाळाभर पाऊस नसतो. पिकलेला गहू कित्येक आठवडे तसाच उभा राहू शकतो.

मला यातली मेख महत्त्वाची वाटते. यंत्राला एकर तर हवेतच, पण ते एकर काढायला कोरडे दिवसही हवेत. कॅलिफोर्नियात दोन्ही होते. स्टॉक्टनच्या होल्ट बंधूंनी १८८६ मध्ये आपलं पहिलं कंबाइन विकलं, ते याच मुलखात. वीस-वीस, तीस-तीस खेचरं जुंपलेली ती अवजड यंत्रं हजारो एकरांच्या गव्हाच्या शेतांवर फिरू लागली. बाकी अमेरिकेतला लहान शेतकरी मात्र कितीतरी वर्षं गहू कापून पेंढ्या बांधत राहिला आणि मळणीवाल्याची वाट बघत राहिला. तो मळणीवाला वाफेचं इंजिन घेऊन शेतोशेत फिरायचा आणि मजुरी धान्याच्या मापावर घ्यायचा. म्हणजे माझाच धंदा!

पुढं यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, यंत्र शेताएवढं करायची. १९३५ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं 'ऑल-क्रॉप ६०' नावाचं छोटं कंबाइन आणलं. ६० म्हणजे साठ इंच, पाच फुटांची कापणी. ते शेतकऱ्याच्या घरच्या ट्रॅक्टरमागे जोडायचं आणि ट्रॅक्टरच्याच ताकदीवर चालवायचं. महामंदीचा काळ होता, लोकांच्या हातात पैसा नव्हता. तरीही ते खपलं, कारण मध्यम शेतकऱ्याला आपल्या घरच्या जमिनीवर ते पेलवत होतं. गहूच नव्हे, सोयाबीन आणि गवताचं बारीक बीसुद्धा त्यातून निघायचं. मला विचाराल तर शेतीयंत्रांच्या इतिहासातलं हे फार शहाणपणाचं काम आहे.

दुसरी वाट, यंत्राला गावोगाव फिरवायची. दुसऱ्या महायुद्धात पोलाद तोलूनमापून मिळत होतं. मॅसी-हॅरिस कंपनीनं अमेरिकी सरकारकडे ५०० जादा कंबाइनांपुरतं पोलाद मागितलं. अट अशी, की यंत्र घेणाऱ्यानं किमान २,००० एकर काढून द्यायचे. टॉम कॅरोल या ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं घडवलेली ही स्वतःच्या इंजिनावर पळणारी कंबाइनं १९४४ च्या हंगामात टेक्सासपासून उत्तरेकडे, गहू पिकत जाईल तशी सरकत गेली आणि त्यांनी दहा लाख एकरांहून जास्त पीक काढलं. एका गावात पंधरा दिवसांत संपणारा हंगाम त्यांनी रस्त्यावर उतरून कित्येक महिने लांबवला.

आपल्याकडे हीच दुसरी वाट आली, पंजाबातून. मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सनं १९८० साली 'स्वराज ८१००' हे देशी बनावटीचं कंबाइन बाजारात आणलं. पुढं पटियाला जिल्ह्यातली नाभा आणि भादसों ही गावं या धंद्याची मोठी ठिकाणं झाली. पंजाबातल्या शेतकऱ्याची जमीन आपल्यापेक्षा मोठी, तरी तिच्या एकट्याच्या जिवावर कंबाइन पोसणं त्यालाही जड. मग मार्चमध्ये मध्य प्रदेशचा गहू, एप्रिलमध्ये घरचा, असं फिरणं आलं. कटर बार सोडवून मागे ओढत ही यंत्रं दसऱ्याच्या सुमाराला आमच्या सोयाबीनवरही येऊ लागली. सोंगणीचं गुत्तं घ्यायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांचीच वाट बघायची वेळ आली.

पण इथं त्यांची गाठ पडली ती धुऱ्याशी. शेतीगणनेप्रमाणे महाराष्ट्रातली सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकर, आणि तीही बहुतेकांची दोन-तीन दिशांना.

चौदा फुटी कटर ताशी चार किलोमीटरनं चालला, तर कागदावर तासाला चार एकर निघतात. वळणं घेण्यात, टाकी रिकामी करण्यात वेळ जातो आणि त्यातले अडीच-तीन हाती लागतात. चाळीस मीटर रुंद, शंभर मीटर लांब असा एक एकर घ्या. लांबीनं कापला तर दहा फेऱ्यांत संपतो. वाट नाही म्हणून आडवा कापायची पाळी आली, तर चोवीस फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला वळण. पीक तेच, पण निम्मा वेळ वळण्यातच जातो. म्हणून तुकडेवाल्याचा नंबर शेवटी लागतो आणि तोवर परतीचा पाऊस गाठतो. शिवाय हार्वेस्टर कुटार वावरभर उधळतो. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्याला ही नुकसानी एकराच्या भावात दिसत नसली तरी माघात चांगलीच कळते.

आता गावातली पोरं गट करून, अनुदानातून हार्वेस्टर घ्यायचं म्हणतात. कागद माझ्याकडेच आणतात. मी त्यांना एवढंच मांडून दाखवतो. समजा, पंचवीस लाखांचं यंत्र. व्याज, घसारा, विमा मिळून वर्षाला पावणेचार लाख धरा. गटाचे शंभर एकर असतील, तर चाक हलायच्या आधीच एकरी पावणेचार हजारांचं ओझं. हजार एकर मिळाले तर तेच पावणेचारशे. निम्मं अनुदान मिळालं तर ओझं जवळपास निम्मं होईल, पण उरलेले नऊशे एकर अनुदान आणून देणार नाही. त्यासाठी नाभावाल्यांसारखं घर सोडून फिरायची तयारी पाहिजे.

ती नसेल तर धुऱ्याला धुरा लागून असलेल्यांनी आधी एकत्र बसावं. एकानं नव्वद दिवसांचं जे.एस. ९३०५ पेरलं आणि शेजाऱ्यानं शंभर-एकशेपाच दिवसांचं फुले संगम, की यंत्राला दोनदा यावं लागतं आणि दुसऱ्यांदा ते येतच नाही. एकच वाण, एकाच आठवड्यात पेरणी, आणि यंत्र आत यायची वाट कुणाच्या वावरातून जाईल हे जूनमध्येच ठरवून ठेवायचं. असे चाळीस एकर सलग दाखवले तर हार्वेस्टरवाला भाव उतरवतो, हे मी पाहिलंय. त्या चाळिसात पाऊण एकरवाली विधवा बाई असेल, तर तिचंही पीक त्याच दिवशी, त्याच भावात निघतं.